फ्रीजमधील गॅस ‘संपतो’ कोठें?

दुकानांतील फ्रीज थंड करीनासा झाला म्हणजे “गॅस संपला” असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. दुकानदार तसें म्हणतो, शेजारी तसें म्हणतात, आणि पुष्कळदां दुरुस्तीस आलेला कारागीरहि हत्यारांची पिशवी उघडण्यापूर्वींच तसें सांगून मोकळा होतो. वस्तुतः गॅस संपत नसतो. कंदिलांतील रॉकेल जळून संपतें, मोटारींतील पेट्रोल जळून संपतें. फ्रीजमधील गॅस जळत नाहीं. तो बंद नळ्यांतून फिरत असतो, आणि नळ्या शाबूत असतील तर वीस वर्षांनींहि वजनास तितकाच भरेल. तो कमी झाला असेल तर कोठें तरी छिद्र पडलें आहे; आणि कमी झालेला नसूनहि यंत्र थंड करीत नसेल, तर त्याची वाट कोठें तरी अडलेली असण्याचा संभव आहे. हे दोन रोग वरवर पाहतां एकसारखेच दिसतात. त्यांतील भेद कसा ओळखावा, हें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. मे महिन्यांत येथें पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो. शहादें, तळोदें, नवापूर येथील शीतपेयांच्या दुकानदाराची वर्षाची कमाई या दोन-अडीच महिन्यांवर अवलंबून असते, आणि गॅस दोनदां भरावा लागला तर नफ्यांतील मोठा वांटा तेथेंच जातो. औषधांच्या दुकानांतील इन्सुलिन २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवावें लागतें. तेथील यंत्र बिघडल्यास नुकसान पैशापुरतेंच राहात नाहीं.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. माठांतील पाणी गार कां होतें, हें खानदेशांतील मुलांस सांगावयास नको: माठाच्या अंगावरचें पाणी वाफ होऊन उडतांना उष्णता घेऊन जातें. फ्रीजमध्यें हेंच घडतें; मात्र उडालेली वाफ परत गोळा केली जाते. आर-१३४ए नांवाचा गॅस उघड्या हवेच्या दाबाखालीं शून्याखालीं २६ अंशांवर उकळतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तप्त करतो. मागच्या किंवा खालच्या जाळींत, म्हणजे कंडेन्सरमध्यें, ती उष्णता हवेंत टाकून वाफेचा द्रव होतो. तो ड्रायर नांवाच्या गाळणींतून जातो आणि पुढें कॅपिलरी या केसासारख्या बारीक नळींत शिरतो. या नळीचें आंतील छिद्र एक मिलिमीटरपेक्षांहि लहान असतें. तींतून बाहेर पडतांच दाब एकदम उतरतो, द्रव आंतील कॉइलमध्यें उकळूं लागतो, आणि कपाटांतील उष्णता शोषून घेतो. सारें यंत्र या बारीक छिद्रावर तोललेलें आहे, हें ध्यानांत ठेवावें.

गॅसचा संशय घेण्यापूर्वीं बाहेरची तपासणी करावी. कंडेन्सरवर धूळ बसली आहे काय? नंदुरबारास मिरचीच्या पथाऱ्यांच्या आसपास ज्यांची दुकानें आहेत, त्यांच्या जाळ्या मीं अक्षरशः लाल झालेल्या पाहिल्या आहेत. पंखा फिरतो काय? दाराचें रबर फाटलें आहे काय? विजेचा दाब पुरेसा आहे काय? बाटल्या इतक्या कोंबल्या आहेत काय, कीं आंत हवाच फिरत नाहीं? अर्ध्या तक्रारी येथेंच मिटतात, असा माझा समज आहे. आणि या तपासणीस कुंचला व डोळे यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

एवढ्यानें भागलें नाहीं तर हातानें चाचपावें, मात्र कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या नळीस हात लावूं नये, ती भाजते. गॅस गळाला असो वा वाट अडली असो, आंतील कॉइलला द्रव पुरत नाहीं. म्हणून दोन्ही रोगांत कॉइलच्या पहिल्या एकदोन वळणांवर बर्फ धरतो आणि उरलेली कोरडी राहाते. गेज लावलें तर परतीच्या नळींतील दाबहि दोहोंत कमीच दिसतो. नेमक्या याच ठिकाणीं फसगत होते: काटा खालीं दिसला कीं “गॅस कमी” असा निर्णय दिला जातो. परंतु काटा एवढेंच सांगतो कीं कॉइल उपाशी आहे. अन्नच नाहीं कीं घसा दाटला आहे, हें तो सांगत नाहीं.

निर्णयासाठीं दुसऱ्या बाजूस पाहावें लागतें. गॅस गळाला असेल तर कंडेन्सरमध्यें द्रव सांठण्याइतका मालच नसतो. तेथील दाब कमी होतो आणि जाळी जेमतेम कोमट लागते. वाट अडली असेल तर गॅस यंत्रांतच असतो, पण कंडेन्सरमध्यें तुंबून राहातो. जाळीचा वरचा भाग उष्ण व खालचीं वळणें द्रवानें भरून बरींच निवालेलीं, असा प्रकार आढळतो. थर्मामीटर जवळ असेल तर हेंच अधिक चोखपणें ठरवितां येतें. दाबावरून कोष्टकांत गॅस द्रव होण्याचें तपमान काढावें आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या नळीचें तपमान त्याच्याशीं ताडून पाहावें. निरोगी यंत्रांत हें अंतर थोड्या अंशांचें असतें. गळतींत तें जवळजवळ नाहींसें होतें. अडथळ्यांत तें वाढतें.

केवळ आंकडे पाठ करणाऱ्यास येथें ऋतूचा विसर पडतो. बाहेर ४० अंश असतां आर-१३४ए चा द्रव सुमारें ५५ अंशांवर होत असेल, तर त्या बाजूचें गेज दर चौरस इंचास २०० पौंडांच्या आसपास दाखवील. पौष महिन्याच्या थंडींत ३५ अंशांवर द्रव होत असतां तेंच गेज ११५ च्या जवळपास येईल. दोन्ही वेळीं यंत्र निरोगीच असूं शकतें.

आणखी एक खूण फार उपयुक्त आहे. यंत्र बंद करावें आणि घड्याळ पाहावें. चांगल्या यंत्रांत कांहीं मिनिटांतच दोन्ही बाजूंचे दाब कॅपिलरीतून एकमेकांस मिळतात. गळतींतहि ते मिळतात, मात्र नेहमींपेक्षां खालच्या आंकड्यावर. वाट अडलेली असेल तर ते रेंगाळतात. पुरती बंद असेल तर मिळतच नाहींत. ड्रायरच्या एका तोंडापेक्षां दुसरें तोंड स्पष्टपणें थंड लागलें, किंवा त्यावर घाम आला, तर कचरा तेथेंच आहे असें खुशाल समजावें.

ओलाव्याचा अडथळा मात्र लबाड असतो. दुरुस्तीच्या वेळीं नळ्यांत पाण्याचा अंश राहिला, तर तो कॅपिलरीच्या शेवटीं गोठून बूच बसवितो. यंत्र तासभर उत्तम चालतें, मग थंड करणें थांबतें. बंद ठेवलें कीं बर्फ वितळतो आणि पुनः सुरळीत चालूं लागतें. कारागीर येतो तेव्हां तें ठीक असतें व तो गेला कीं बिघडतें! अशा वेळीं कॅपिलरी जेथें कॉइलला मिळते तेथें गरम पाण्यांत पिळलेलें फडकें धरावें. सळसळ ऐकूं येऊन थंडावा परतला, तर निदान झालें. मग ड्रायर बदलून व्हॅक्यूम पंपानें नळ्या पूर्ण कोरड्या केल्यावांचून उपाय नाहीं.

अडथळा असतांना गॅस भरला तर काय होतें? परतीचा काटा फारसा हलत नाहीं. पुढचा मात्र चढत जातो. हें दिसतांच हात आवरावा. तसेंच भरीत राहिल्यास कॉम्प्रेसरवर फाजील भार पडतो, आणि पुढेंमागें अडथळा सुटला तर तो जास्तीचा गॅस द्रवरूपानें कॉम्प्रेसरमध्यें येऊन त्याची नासाडी करतो.

गळती ठरली तर छिद्र सांपडलेंच पाहिजे. गॅसबरोबर थोडें तेलहि फिरत असतें. म्हणून सांध्यापाशीं तेलकट डाग दिसला तर प्रथम तेथें साबणाचा फेस लावावा. दाब देऊन तपासण्यास कोरडा नायट्रोजन वापरावा. प्राणवायूचा बाटला कधींहि जोडूं नये. दाबाखालील प्राणवायु व तेल एकत्र आल्यास स्फोट होतो. छिद्रें कोठें पडतात? सांध्यांत, भरणीच्या तोंडाशीं, कंपानें घासणाऱ्या नळ्यांत. आणि डीप फ्रीजरमध्यें, कुल्फीवाल्यांनो क्षमा करा, बर्फ फोडण्यासाठीं घातलेल्या सुरीच्या टोंकाखालीं.

छिद्र न बुजवितां वारंवार गॅस भरण्यांत दुकानदाराचेंच नुकसान होतें असें नाहीं. पूर्वींचा आर-१२ हा वातावरणांतील ओझोनचा नाश करतो, असा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दिला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें त्यास आळा बसला व भारतहि १९९२ मध्यें त्यांत सामील झाला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याचा एक किलोग्राम हजाराहून अधिक किलोग्राम कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता हवेंत कोंडतो. म्हणून नव्या यंत्रांत आयसोब्यूटेन किंवा प्रोपेन असतो. हे स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंद असून पेट घेतात. त्यांच्या यंत्राजवळ ज्योत नेऊं नये. नळी कापणीनें कापावी, जाळून सोडवूं नये. खोलीचीं दारें-खिडक्या उघडीं असावीं. आयसोब्यूटेनच्या फ्रीजमध्यें परतीच्या बाजूचा दाब बहुधा बाहेरच्या हवेपेक्षांहि कमी असतो. तेथें छिद्र पडल्यास गॅस बाहेर येण्याऐवजीं बाहेरची हवा व ओलावा आंत शिरतो, आणि गळती व अडथळा हीं दोन्हीं दुखणीं एकाच यंत्रांत जमतात.

यंत्राच्या पाटीवर गॅसचें नांव व वजन ग्रॅममध्यें छापलेलें असतें. लहान यंत्रांत दहावीस ग्रॅमांनींहि फरक पडतो. म्हणून गॅस तराजूवर तोलूनच भरावा. अंदाजानें भरणाऱ्या कारागिरास पालकांनीं व दुकानदारांनीं तराजू कोठें आहे तें अवश्य विचारावें. भरल्यावर तारीख, वजन आणि छिद्र कोठें सांपडलें तें एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या मागें चिकटवावी. पुढच्या उन्हाळ्यांत जो कोणी झांकण उघडील, तो प्रथम तीच वाचील.