भौगोलिक माहिती प्रणालीचे महाविद्यालयीन अध्यापन आणि व्यावसायिक सज्जता

भूगोलाच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत भौगोलिक माहिती प्रणाली अर्थात जीआयएस हा घटक आता स्थिरावला आहे. सॉफ्टवेअरच्या परवान्याचा खर्च ही पूर्वीची मोठी अडचणही उरलेली नाही; २००२ मध्ये विकासास प्रारंभ झालेले क्यूजीआयएस कोणत्याही महाविद्यालयास विनामूल्य वापरता येते. तरीही प्रात्यक्षिकात उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी नियोजन कार्यालयातील पहिल्याच कामात अडखळत असेल, तर त्याचे कारण प्रात्यक्षिकासाठी पुरविल्या जाणाऱ्या माहितीत शोधावे लागते.

प्रयोगशाळेतील माहिती निवडलेली व दुरुस्त केलेली असते. सर्व स्तर एकाच निर्देशक प्रणालीत असतात, गावांची नावे जुळतात आणि दिलेल्या क्रमाने कृती केल्यास नकाशा तयार होतो. कार्यालयात मात्र जुना स्थलदर्शक नकाशा, जीपीएसच्या नोंदी आणि कोणीतरी भरलेला एक्सेल तक्ता एकत्र हाती येतात व त्यांचा मेळ घालणे हेच खरे काम ठरते.

यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. यूटीएम प्रक्षेपणातील विभाग ४३ व ४४ यांची सीमा असलेले ७८ अंश पूर्व रेखावृत्त या जिल्ह्यातून जाते. पुसद एका विभागात, तर वणी दुसऱ्या विभागात येते. विभाग ४४ मधील निर्देशक चुकून विभाग ४३ चे मानले गेले, तर प्रत्येक स्थान सहा अंश पश्चिमेस सरकते आणि वणी थेट डहाणू-तलासरीच्या परिसरात जाऊन बसते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट संदर्भपृष्ठावर, तर २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची खुली नकाशामालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आधारित आहे. या दोहोंतील अंतर इतके अल्प असते की नदी किंचित सरकलेली दिसूनही दुर्लक्षित राहते. अशा चुका अधिक घातक होत.

अंतराच्या एककाबाबतही असेच घडते. पाणवठ्याभोवती ५०० मीटरचा पट्टा आखताना स्तर अंशांत असल्यास विद्यार्थी ०.००४५ हा आकडा भरून मोकळा होतो. उत्तर-दक्षिण अंतर जवळजवळ बरोबर येते. परंतु १९ अंश अक्षवृत्तावर रेखावृत्तांमधील अंतर आकुंचित झाल्याने पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ५ टक्के कमी भरते. प्रक्षेपणाचा पाठ सिद्धांताच्या तासाला शिकविला गेलेला असतोच. त्याची गरज कोठे पडते, हे मात्र प्रात्यक्षिकातच उमगते.

सर्वाधिक बोधप्रद प्रकरण जनगणनेचे आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. नव्या सीमांच्या नकाशास जुना तक्ता जोडल्यास पालघर रिकामा राहतो. ही उणीव लगेच लक्षात येते. परंतु अविभाजित ठाण्याची लोकसंख्या आक्रसलेल्या क्षेत्रफळाने भागली जाऊन घनता दुपटीहून अधिक येते आणि नकाशा देखणाच दिसतो. त्यावरून आरोग्य केंद्रांची वा निधीची मागणी ठरविली गेल्यास ती कोणत्या आधारावर उभी असेल, याचा विचार विद्यार्थ्याने पदवीपूर्वीच केलेला असावा. गावपातळीवर तर वडगाव, पिंपळगाव अशी नावे पुनःपुन्हा येतात. तेथे नावाऐवजी जनगणनेचा ग्रामसंकेतांक वापरण्यास पर्याय नाही.

प्रचलित मूल्यमापनात नकाशाच्या नीटनेटकेपणास व प्रात्यक्षिक वहीस गुण मिळतात, निर्णयास क्वचितच. त्याऐवजी परीक्षेत जाणीवपूर्वक सदोष माहितीसंच देऊन कोणता दोष आढळला, कोणता उपाय योजला आणि कोणती त्रुटी तशीच राहिली, याचे एक पानी टिपण मागविता येईल. निम्मे गुण या टिपणास असावेत. असे संच तयार करण्यास प्राध्यापकांचा बराच वेळ खर्ची पडतो आणि तो कार्यभारात धरला जात नाही, ही अडचण खरीच आहे. मात्र सदोष माहिती मुद्दाम घडवावी लागत नाही. तालुक्यातील ग्रामपंचायतींचे तक्ते, जनगणनेच्या सारण्या व उपलब्ध नकाशे जसेच्या तसे विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास पहिल्या सत्राचे काम तेवढ्यावर भागते.