लिओनार्दोचा अर्ज

साधारण १४८२ साल. तिशीतला लिओनार्दो दा विंची मिलानचा कारभार हाकणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागतो. पत्रात चित्रकला अगदी शेवटी. आधी सहज उचलून नेता येणारे पूल, तोफा, वेढ्यात खंदकातलं पाणी काढण्याची युक्ती. मालकाला घोर लढाईचा, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

मात्र बहुतेक मजकूर ‘मी करू शकतो’ या थाटाचा. वरिष्ठ पदाच्या आजच्या रेझ्युमेत तेवढ्यावर भागत नाही.

‘पुरवठा विभागाची जबाबदारी सांभाळली’ यातून काय कळतं? काहीच नाही. ‘दोन गोदामं एकत्र केली; माल पोहोचायला ९ दिवस लागायचे, ते ५ वर आणले’ असं असेल तर वाचणारा थबकतो. आकडा मात्र खराच हवा, मुलाखतीत नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं.

आणि दहावीचे टक्के? वीस वर्षांच्या नोकरीनंतर ते खुशाल गाळावेत.