दारूड्याला रुग्ण मानणाऱ्यांची १४० वर्षे

१८८४ साली डॉ. नॉर्मन कर यांनी लंडनमध्ये समविचारी डॉक्टरांना एकत्र आणून व्यसनांच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. दारूडा म्हणजे पापी, फार तर गुन्हेगार, असं मानणाऱ्या समाजाला ते ठामपणे सांगत राहिले, की हा आजार आहे. उपचारगृहात जाणं तेव्हा सोपं नव्हतं. १८७९च्या कायद्यानुसार रुग्णाला दोन न्यायाधीशांसमोर अर्जावर सही करावी लागे आणि वर्षभरापर्यंतचं स्वातंत्र्य गहाण टाकावं लागे.

पहिल्या पिढीचं एक पाऊल मात्र चुकलं. सक्तीच्या उपचारांसाठी तिने आग्रह धरला. १८९८च्या कायद्याने न्यायालयांना दारूड्या गुन्हेगारांना तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार मिळाला. तिथे डांबल्या गेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. उपचाराच्या नावाखाली पदरात पडली ती कैदच. पहिल्या महायुद्धानंतर ही सुधारगृहं बंद झाली.

संस्था मात्र टिकली, कारण तिच्याकडे नियतकालिक होतं. कोणत्या रुग्णाला कशाने उतार पडला, कशाने नाही, हे तिथे नोंदलं जाई, त्यावर वाद होत. १९७८मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्‌स त्याचे संपादक झाले आणि ते जगभर पोहोचलं. त्याआधी १९७६मध्ये त्यांनी आणि मिल्टन ग्रॉस यांनी दारूवरच्या अवलंबित्वाची लक्षणं मांडली होती. सकाळी हात थरथरतात का? ती थरथर थांबवायला घोट घ्यावा लागतो का? काही काळ सोडल्यावर पुन्हा सुरुवात झाली, तर दारू झपाट्याने जुन्या पातळीवर जाते का? या प्रश्नांत दोषारोप नाही, तपासणी आहे.

सुरुवातीला डॉक्टरांपुरती असलेली ही संस्था आज परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि संशोधक अशा सर्वांची आहे. नियतकालिकाच्या उत्पन्नातून ती तरुण अभ्यासकांना शिष्यवृत्ती देते, परिषदांना जाण्यासाठी मदत करते. मला तिचं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. व्यसनी माणूस पुन्हा पुन्हा घसरतो. त्याच्यासोबत काम करणाऱ्याला आपलं अपयश मोकळेपणाने बोलायला बरोबरीची माणसं नसतील, तर तोही खचतो.

आपल्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रांतही समुपदेशक आणि परिचारिका हाच भार रोज वाहतात. देणगी देताना खाटांबरोबर त्यांच्या प्रशिक्षणाचाही विचार करा. उपचार शेवटी त्यांच्याच हातून होतात.