ट्रफाल्गरने इंग्लंडवरची स्वारी रोखली?

नेपोलियनची फौज इंग्लिश खाडी ओलांडायच्या बेतात होती आणि ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनने ट्रफाल्गरला ती थोपवली, हे वाक्य किती वेळा ऐकायचं? कृपा करून एकदा तारखा बघा.

लढाई झाली 21 ऑक्टोबर 1805 रोजी, स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर. फौज मात्र ऑगस्टअखेरीसच खाडीकाठचा बूलोनचा तळ सोडून ऑस्ट्रियावर चालून निघाली होती. 20 ऑक्टोबरला, म्हणजे लढाईच्या आदल्याच दिवशी, उल्म इथे ऑस्ट्रियाचा सेनापती माक तिला शरण आला होता. जर्मनीत गुंतलेली फौज इंग्लंडमध्ये उतरणार कशी?

बरं, फ्रेंच आरमाराचा प्रमुख व्हिलनव्ह तरी इंग्लंडकडे निघाला होता का? तेही नाही. स्पेनमधल्या कादिझहून बाहेर पडताना त्याला हुकूम होता भूमध्य समुद्रात शिरून नेपल्सकडे सैन्य उतरवण्याचा. स्वारीचा बेत ऑगस्टमध्येच मोडला, कारण ब्रेस्ट या फ्रेंच बंदराकडे जायचं सोडून व्हिलनव्ह दक्षिणेला कादिझला वळला. ब्रेस्टच्या तोंडाशी कॉर्नवॉलिसचं ब्रिटिश आरमार 1803पासून थंडीवाऱ्यात नाकेबंदी धरून उभं होतं. इंग्लंड वाचवल्याचं श्रेय द्यायचंच तर त्या खलाशांना द्या. त्यांच्या नावाचा चौक लंडनमध्ये नाही, म्हणून ते कुणाला आठवत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

म्हणजे ट्रफाल्गर किरकोळ होती असं मुळीच नाही. 27 ब्रिटिश जहाजांनी 33 फ्रेंच-स्पॅनिश जहाजांशी झुंज दिली आणि त्यातली 18 निकामी केली किंवा पकडली, स्वतःचं एकही न गमावता. पण युद्ध तिथे संपलं नाही. सहा आठवड्यांत नेपोलियनने ऑस्टरलिट्झची लढाई जिंकली, आणि वॉटर्लूला अजून दहा वर्षं होती.

आता बाकीच्या दंतकथा. नेल्सनच्या डोळ्यावरची काळी पट्टी? त्याने ती कधी बांधलीच नाही. 1794मध्ये कॉर्सिकात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, एवढंच. या लढाईत तो मारला गेल्यावर त्याचं शव रममध्ये नव्हे, ब्रँडीत ठेवून आणलं.

आणि तोफांच्या माऱ्याने जहाजं पटापट बुडाली, हेही चित्रांमधलंच. लाकडी जहाज गोळ्यांनी चाळण झालं तरी तरंगतं. त्या दिवशी नष्ट झालं ते एकटं 'आशील', तेही आग लागून स्फोट झाल्यामुळे. बाकीची 17 पकडली गेली. मग वादळ आलं. कुठली खडकांवर आपटली, कुठली ब्रिटिशांनीच बुडवली वा जाळली. जिब्राल्टरपर्यंत पोहोचली फक्त चार.