तालुक्याला मंत्रालयाशी जोडणारा राउटर

वॅन राउटर हे दोन जाळ्यांच्या सीमेवर बसणारे यंत्र आहे. त्याच्या एका बाजूला कार्यालयातले संगणक, प्रिंटर आणि स्विच असतात. दुसऱ्या बाजूला दूरसंचार कंपनीची लाइन असते आणि ती रस्त्याच्या कडेने, ओढ्यांवरच्या पुलांवरून, शेताच्या बांधांजवळून लांबवर जाते. आतली केबल कार्यालयाच्या ताब्यात असते, बाहेरची नसते. बाहेरची लाइन कधीतरी तुटणारच, हे धरून या यंत्राची जागा, वीज आणि सेटिंग ठरवावी लागते. घरातल्या वायफायच्या डब्याला एवढा विचार लागत नाही.

उदाहरण म्हणून धाराशिव जिल्हा घेऊ. त्यात आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, वाशी आणि परंडा. केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांची, म्हणजे ‘स्वान’ची, योजना मंजूर केली. तिचा अंदाजित खर्च ३,३३४ कोटी रुपये होता. राज्याच्या राजधानीपासून जिल्ह्यापर्यंत आणि तिथून तालुक्यापर्यंत किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची लाइन पोचवायची, हा तिचा गाभा. महाराष्ट्रात हे जाळे मंत्रालय, विभागीय मुख्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि तहसील अशा पायऱ्यांनी उतरते. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या प्रकल्पाने ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरवले. सातबारा, दस्तनोंदणी, उत्पन्नाचा दाखला ही सगळी कामे आता याच धाग्यावर चालतात. परंड्याच्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे ऐकावे लागते तेव्हा दूरचा सर्व्हर अनेकदा व्यवस्थित चालू असतो. मधली लाइन किंवा तिच्या टोकाचा राउटर बंद असतो.

बसवणुकीची सुरुवात विजेपासून होते, आणि या भागात तिथेच सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. धाराशिवची बरीचशी जमीन बेसाल्टच्या थरावरची काळी माती आहे. पावसाळ्यात ही माती पाणी धरून ठेवते आणि वीज चांगली वाहते. एप्रिल-मेमध्ये ती सुकते, भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि जमिनीचा विद्युतरोध वाढतो. सप्टेंबरात मोजलेले अर्थिंग उत्तम भरले म्हणून ते वळवाच्या पावसात उपयोगी पडेलच असे नाही. आणि विजांचा धोका तर वळवाच्या दिवसांतच जास्त. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करावी, अर्थिंगच्या खड्ड्यात ओल टिकेल अशी सोय ठेवावी, आणि राउटरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ यांच्यातला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत आहे ना, ते मल्टिमीटरने पाहावे. तो जास्त असेल तर यंत्र कारण न कळता मध्येच बंद पडू शकते.

काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, म्हणून फायबर आले की विजेच्या तडाख्याचा धोका संपला, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. जमिनीतून टाकलेल्या अनेक फायबर केबलना उंदीर-घुशींपासून आणि दाबापासून वाचवण्यासाठी धातूचे चिलखत असते, आणि ते इमारतीत शिरते त्या जागी अर्थ केलेले नसेल तर वीज त्याच्याच वाटेने आत येते. छतावरचा टॉवर किंवा तांब्याची लाइन असेल तर तडाखा अर्थकडे वळवणारा सर्ज अरेस्टर लावल्याशिवाय राउटर जोडूच नये.

तापमानाचेही असेच. कार्यालयांसाठी बनलेले बरेच राउटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी असतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीतले रॅक ही मर्यादा सहज ओलांडते. अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात, दप्तरांच्या गठ्ठ्यांत दडपलेले रॅक टाळावे. हवा पुढून शिरून मागून बाहेर पडेल एवढी मोकळी जागा लागतेच.

यानंतर लाइन जोडायची. काचेच्या तंतूत १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची तीव्रता दर किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबलने घटते. धाराशिव ते तुळजापूर हे अंतर २५ किलोमीटर धरले तर घट ९ डेसिबलच्या आसपास होते, म्हणजे पाठवलेल्या प्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा पलीकडे पोचतो. एवढ्यावर यंत्राचे भागते. मीटरवर घट याहून बरीच जास्त दिसली तर कुठेतरी केबल मुडपली आहे, सांधा कच्चा आहे किंवा टोकावर धूळ आहे. तंतूतला प्रकाश वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रोमीटर जाडीचा असतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा एक कणही त्याला झाकतो. कनेक्टर खोचण्यापूर्वी दर वेळी पुसावा.

अंतर मोठे असले तरी वेळ फारसा जात नाही. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईपर्यंतची तार पाचशे किलोमीटरची धरली तरी एका बाजूचा प्रवास अडीच मिलिसेकंदांचा. भूस्थिर उपग्रह मात्र ३५,७८६ किलोमीटरवर असल्याने त्याच्यामार्फत प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत जवळपास अर्धा सेकंद उलटतो.

लाइन जिवंत झाली की कन्सोल केबलने राउटरला लॅपटॉप जोडतात. बहुतेक यंत्रांत ही जोडणी ९६०० बॉडच्या वेगाने होते, आणि जाळ्यातले काहीही चालू नसले तरी ती चालते. पहिले काम पत्त्यांचे. पत्त्यांची आखणी कागदावर आधी झालेली असावी, कारण नंतर ती बदलणे म्हणजे प्रत्येक तहसीलमधल्या प्रत्येक यंत्राला पुन्हा हात लावणे.

उदाहरणादाखल, जिल्ह्यासाठी १०.४०.१६.० पासून १०.४०.३१.२५५ पर्यंतचा ४,०९६ पत्त्यांचा पट्टा राखला असे धरू. त्यात २५६ पत्त्यांचे सोळा गट पडतात: एक जिल्हाधिकारी कार्यालयाला, आठ तालुक्यांना, आणि सात शिल्लक. शिल्लक राहिलेल्यांतल्या शेवटच्या गटातून जिल्हा आणि तालुका यांच्यातल्या लाइनींना पत्ते देता येतात. प्रत्येक लाइनीला चार पत्ते पुरतात: दोन टोकांचे दोन, एक गटाचे नाव म्हणून आणि एक सर्वांना हाक मारण्यासाठी. आठ लाइनींचे ३२ पत्ते झाले. या आखणीचा खरा फायदा वरच्या पायरीवर दिसतो. मुंबईच्या राउटरला आठ तालुक्यांचे आठ मार्ग लक्षात ठेवावे लागत नाहीत, कारण या सर्व पत्त्यांचे पहिले २० बिट सारखेच असतात आणि ‘हे २० बिट जुळले की धाराशिवला पाठव’ एवढी एकच नोंद पुरते. धाराशिवचा राउटर मग २४ बिट जुळवून तालुका ओळखतो. एकाच वेळी दोन नोंदी जुळत असतील तर राउटर जास्त बिट जुळणारी नोंद खरी मानतो. लाखो मार्ग असलेल्या इंटरनेटचा कारभार याच साध्या नियमावर चालतो.

पुढचा प्रश्न मार्गाचा. तहसीलच्या राउटरला फारसे शिकवावे लागत नाही. आपल्या इमारतीतले नसेल ते सगळे जिल्ह्याकडे पाठव, हा एक स्थिर मार्ग बस्स. जिल्ह्याच्या राउटरला मात्र आठ तालुके आणि वरच्या एकाहून अधिक वाटा सांभाळायच्या असतात, म्हणून तिथे ओएसपीएफसारखा प्रोटोकॉल लावतात. एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधण्याच्या रीतीवर तो चालतो. शेजारचे राउटर सहसा दर १० सेकंदांनी एकमेकांना हजेरी देतात, आणि ४० सेकंद हजेरी आली नाही तर तो शेजारी गेला असे समजून नवा मार्ग काढतात. कामाच्या खिडकीवर ४० सेकंद फार होतात. ही मुदत कमी करता येते आणि करावी.

नवा मार्ग काढायला दुसरी वाट मात्र असायला हवी. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडणे हे फायबर तुटण्याचे नेहमीचे कारण आहे. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या आणि दोन्ही एकाच चरातून आल्या, तर कागदावर दोन असूनही प्रत्यक्षात एकच वाट उरते. दुसरी वाट शेजारच्या जिल्ह्यातून आणणे हा खरा उपाय: परंड्याला बार्शीकडून, कळंबला केजकडून, उमरग्याला पुणे–हैदराबाद महामार्गाने सोलापूरकडून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातली गावे उद्ध्वस्त केली. अशा वेळी तालुक्याने मदत मागायची असते आणि जमिनीतली केबल मात्र त्याच धक्क्याने तुटलेली असू शकते. म्हणून या दोन तालुक्यांत तिसरी, मोबाइलची किंवा उपग्रहाची वाट राखण्यावरचा खर्च वाया जात नाही. मोबाइलच्या सिमला सहसा बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता मिळत नाही, त्यामुळे त्या वाटेवरचा सुरक्षित बोगदा, म्हणजे कूटबद्ध जोडणी, तहसीलच्या बाजूनेच सुरू होईल अशी सेटिंग करावी लागते.

पर्यायी मार्ग नोंदवतानाच एक फसवी जागा येते. पुष्कळ ठिकाणी फायबर थेट राउटरमध्ये न जाता मीडिया कन्व्हर्टर नावाच्या छोट्या डबीत जाते आणि तिथून तांब्याची केबल राउटरला येते. पाच किलोमीटरवर फायबर तुटले तरी ही डबी चालूच असते. राउटरला आपल्या पोर्टवरचा हिरवा दिवा दिसतो, लाइन ठीक आहे असे तो समजतो आणि सगळी माहिती तुटलेल्या लाइनीत ओतत राहतो. दुसरी लाइन शेजारी रिकामी पडून असते. यावर उपाय म्हणजे पोर्टच्या दिव्यावर विसंबू नये. राउटरला दर काही सेकंदांनी जिल्ह्याच्या राउटरला पिंग करायला, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारायला, लावावे, आणि लागोपाठ तीन-चार उत्तरे चुकली की पहिला मार्ग आपोआप मागे घ्यायला सांगावे.

सार्वजनिक इंटरनेटवरून जाणारी लाइन असेल तर माहिती कूटबद्ध करण्यासाठी आयपीसेक बोगदा लागतो. प्रत्येक पॅकेटभोवती तो स्वतःचे काही डझन बाइट गुंडाळतो. साधे पॅकेट १,५०० बाइटपर्यंतचे असते. त्यावर आणखी भर पडली की ते वाटेत मावत नाही. मग चमत्कारिक लक्षण दिसते: लॉगइनचे पान उघडते, नाव-पासवर्ड जातो, पण स्कॅन केलेला दस्त अपलोड होता होत नाही. छोटी पॅकेटे जातात, मोठी अडतात. दोष वेबसाइटला दिला जातो, संगणक फॉरमॅट केले जातात, आणि कारण राउटरच्या दोन ओळींत असते. बोगद्यावरची मर्यादा १,४०० बाइट आणि टीसीपीच्या तुकड्याची १,३६० ठेवली की ही अडचण सहसा सुटते.

क्षमता वाटून देणे हेही राउटरचेच काम. २ मेगाबिटच्या लाइनीवर ५ मेगाबाइटचा एक दस्त पाठवायला २० सेकंद लागतात. त्याच वेळी जिल्हाधिकाऱ्यांची व्हिडिओ बैठक चालू असेल तर आवाज तुटतो. आवाज आणि चित्राच्या पॅकेटांना अग्रक्रमाची खूण लावून त्यांना वेगळी रांग दिली की दस्त थोडा उशिरा जातो, बैठक सुरळीत चालते. नवरात्रात तुळजापुरात बंदोबस्त आणि नियंत्रण कक्षाचा ताण वाढतो तेव्हा ही सोय विशेष उपयोगी पडते. लाइन मोठी घेतली की या सेटिंगची गरज उरत नाही, हे म्हणणे मोठी लाइन भरेपर्यंतच टिकते.

सुरक्षेच्या गोष्टी थोड्या, पण न चुकवण्याच्या. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे, टेलनेट बंद करून एसएसएच सुरू करणे, राउटरमध्ये शिरण्याची परवानगी ठरावीक पत्त्यांनाच देणे, घड्याळ एनटीपीने जुळवणे आणि घडामोडींची नोंद दूरच्या सर्व्हरवर पाठवणे. घड्याळ चुकीचे असेल तर बिघाड आधी कुठे झाला, हे दोन राउटरांच्या नोंदी शेजारी ठेवूनही कळत नाही.

बऱ्याच राउटरांत चालू सेटिंग तात्पुरत्या स्मृतीत असते आणि वीज जाताच पुसली जाते. ती कायम स्मृतीत साठवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती राहून गेली तर सगळे महिनोन् महिने नीट चालते, आणि यूपीएस संपेपर्यंत वीज गेली की राउटर कोरा होऊन उठतो. म्हणून यंत्र ताब्यात घेणाऱ्याने आपल्यासमोर वीज बंद करून पुन्हा चालू करायला लावावी. दुसरी चाचणी लाइन तोडण्याची: केबल राउटरपासून न काढता मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडचे फायबर काढावे, पिंग चालू ठेवून किती उत्तरे हुकतात ते मोजावे, आणि फायबर परत जोडल्यावर वाहतूक पहिल्या वाटेवर येते का तेही पाहावे. शेवटी सेटिंगची प्रत जिल्हा मुख्यालयात ठेवतात, दोन्ही टोकांच्या केबलना लाइनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावतात, आणि पत्त्यांचा तक्ता, मोजलेली प्रकाशघट, अर्थिंगचा आकडा आणि कंपनीकडे तक्रार नोंदवण्याचा क्रमांक एका पानावर लिहून ते पान रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतात.