काउबॉयचा पगार

काउबॉय म्हटला की आपल्यापुढे चित्रपटातला पिस्तूलबाज वीर उभा राहतो. कोणाचा ताबेदार नाही, कशाची फिकीर नाही! परंतु हा वीर महिन्याच्या पगारावर राबत होता, हे आपण विसरतो. तो मजूर होता, आणि त्याच नात्याने मी त्याची ओळख करून देणार आहे.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासात गुरे उदंड, पण गिऱ्हाईक नाही, अशी अवस्था होती. १८६७ पासून ही गुरे कान्ससमधील ॲबिलीनच्या रेल्वेस्थानकापर्यंत हाकून नेण्याचा धंदा सुरू झाला. दोन-अडीच हजार जनावरांमागे दहा-बारा माणसे आणि दिवसाकाठी १० ते १५ मैलांची चाल! दिवसभर धूळ खायची, रात्री पाळीपाळीने पहारा करायचा. गुरे बुजू नयेत म्हणून पहारेकरी हलक्या आवाजात गात फिरे. वीज कडाडून कळप उधळला, तर अंधारात जिवावर उदार होऊन तो आवरावा लागे. जेवायला घेवड्याच्या बिया, खारवलेले डुकराचे मांस, पाव आणि कडक कॉफी. ह्या लोकांत कृष्णवर्णीय व मेक्सिकन पुष्कळ होते. जुन्या चित्रपटांत ते क्वचितच दिसतात. घोडा बहुधा मालकाचा, खोगीर मात्र ज्याचे त्याने आणायचे.

पुढे कुरणे बड्या भांडवलवाल्यांच्या हाती गेली. पूर्वी गुराखी स्वतःची चार जनावरे मालकाच्या रानात चारी, आणि त्यांतून एखादा स्वतंत्रही होई. नव्या मालकांनी ही वाट बंद केली. तेव्हा १८८३ च्या आरंभी टेक्सासच्या पॅनहँडल भागात टॉम हॅरिस आणि त्याचे सोबती, मिळून २४ जणांनी, एका कागदावर सह्या केल्या. पगार होता २५ ते ४० डॉलर; मागणी ५० ची, आणि चांगल्या स्वयंपाक्यालाही तितकाच पगार हवा, अशी! वेळ त्यांनी अचूक साधली होती. वसंतात विखुरलेली गुरे गोळा करण्याचा हंगाम तोंडावर आला होता.

तरीही संप दोन-अडीच महिन्यांत मोडला. मालकांनी संपवाल्यांना काढून टाकले आणि नवी भरती केली. कामाच्या शोधात फिरणाऱ्या तरुणांना तोटा नव्हता, आणि त्यांच्यापर्यंत पोचणारी संघटना उभी नव्हती. चित्रपटातला काउबॉय एकटाच लढतो व जिंकतो. खऱ्या काउबॉयने मात्र हक्क मागताना सोबत्यांची सही घेतली, आणि त्यात स्वयंपाक्याला विसरला नाही, हे ध्यानात ठेवावे.