निरोप नेमका कुठे हरवतो?

टाकीतील पाण्याची पातळी, मातीतील ओल किंवा खोलीतील तापमान मोजून तो आकडा तारेविना दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्रणेत दोन्ही टोकांना एकेक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक, असतो आणि त्याला रेडिओ मॉड्यूल जोडलेले असते. टेबलावर बिनचूक चालणारी ही यंत्रणा जागेवर बसवताच आकडे गाळू लागली, की दोष ‘रेंज’चा मानून मोठा अँटेना आणला जातो, परंतु आकडा न येणे आणि चुकीचा आकडा येणे या दोन निराळ्या व्याधी आहेत व त्यांची फारकत केल्यावाचून केलेला उपचार अंदाजपंचेच ठरतो.

आकडा न येण्याचे कारण हुडकण्यासाठी प्रत्येक निरोपात एक वाढता अनुक्रमांक घालणे पुरेसे असते. मधले क्रमांक तुरळक गळत असतील तर अडथळा हवेत आहे, आणि मोजणी अधूनमधून पुन्हा शून्यापासून सुरू होत असेल तर पाठवणारे यंत्रच बंद पडून नव्याने चालू होत आहे, म्हणजे बहुधा वीजपुरवठा अपुरा आहे.

हा दुसरा दोष सर्वांत दुर्लक्षित असतो. नॉर्वेतील नॉर्डिक सेमिकंडक्टर या कंपनीची एनआरएफ२४एल०१ प्लस ही हौशी प्रयोगांत सर्रास वापरली जाणारी रेडिओ चिप १.९ ते ३.६ व्होल्टवर चालते. प्रक्षेपणाच्या क्षणी तिला लागणारा प्रवाह एकदम वाढतो आणि लांब, बारीक जंपर वायरमधून तो वेळेवर न पोहोचल्याने व्होल्टेज क्षणभर खाली येते. म्हणून मॉड्यूलच्या पिनांना अगदी लागून १० ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे विजेचा अल्पसा साठा करणारा घटक, जोडल्यास कित्येक वेळा सारी तक्रारच मिटते. याच चिपची शक्ती वाढवणारे लांब अँटेनाचे मॉड्यूल १०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकते, तर आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन ५० मिलिअँपिअरपुरतीच असते. तेथे स्वतंत्र रेग्युलेटर लावण्यावाचून गत्यंतर नाही.

हवेतील अडथळ्यांत पहिला वाटेकरी वायफाय असतो, कारण तो आणि ही चिप दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. त्यापासून दूर जाण्यासाठी या चिपचे शंभराच्या पुढचे चॅनेल निवडण्याचा सल्ला दिला जातो. मात्र भारतात परवान्याविना वापरता येणारा हा पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्झला संपतो आणि चॅनेल क्रमांक २४०० मध्ये मिळवून वारंवारता ठरत असल्याने तो सल्ला कायद्याच्या बाहेर नेतो. त्यापेक्षा वेग उतरवणे श्रेयस्कर होय: सेकंदाला २ मेगाबिटऐवजी २५० किलोबिट ठेवल्यास ग्राहकाची संवेदनशीलता १२ डेसिबलने सुधारते, म्हणजे सुमारे सोळापट क्षीण संकेतही वाचता येतो, आणि तापमानाच्या चार बाइटना घाई नसते.

अनेक सेन्सर एकाच चॅनेलवर असले की निरोप एकमेकांवर आदळतात. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये सुरू झालेल्या अलोहानेट या बिनतारी जाळ्यापासून हा प्रश्न अभ्यासला गेला असून, प्रत्येकाने मनास येईल तेव्हा बोलायचे ठरवले तर चॅनेलच्या क्षमतेचा फार तर १८ टक्के भाग उपयोगी पडतो, असे गणित सांगते. पोच न आल्यास ही चिप ठरावीक अंतराने १५ वेळांपर्यंत पुन्हा पाठवते. दोन सेन्सरना तेच अंतर दिले तर ते पुन्हा पुन्हा एकाच क्षणी आदळण्याचा संभव राहतो, म्हणून ते प्रत्येकाला निराळे द्यावे.

चुकीच्या आकड्याचे मूळ मात्र सहसा हवेत नसते, कारण निरोपासोबत जाणारा सीआरसी हा पडताळणीचा अंक बिघडलेले निरोप जवळपास सर्वच नाकारतो. उनोवर साधी पूर्णांक संख्या दोन बाइटची, तर ईएसपी३२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरवर चार बाइटची असते. त्यामुळे एकाने भरलेली रचना दुसरा भलत्याच जागी तोडून वाचतो, आणि दोन्ही प्रोग्रॅममध्ये प्रत्येक संख्येची लांबी बिटांत स्पष्ट लिहिली तरच ही गफलत टळते. डीएस१८बी२० हा तापमापक वारंवार नेमके ८५ अंश सांगत असेल, तर रेडिओला हात लावण्याचे कारणच नाही: वीज मिळताच त्याच्या स्मृतीत असणारा तो आरंभीचा आकडा असून, १२ बिटांच्या मोजणीला लागणारी पाऊण सेकंदाची सवड न देताच तो वाचला गेलेला असू शकतो.